मामाच्या ट्रंकेतल्या मॉन्स्टर पिक्चरच्या कॅसेटना बुरशी लागलीये, वाचतील का?

बंदरवाडी:

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, पण विषय फार जवळचा आहे म्हणून समजून घ्या.

आम्ही दापोली तालुक्यातले, हर्णै बंदरापासून चालत पंधरा मिनिटांवर घर. माझा मामा बोटीवर होता. ऐंशीच्या दशकात बोटीवरचे लोक सुट्टीला आले की सेंट, टेपरेकॉर्डर, चॉकलेटं आणायचे, मामा तेही आणायचा पण त्याच्या बॅगेत तळाला व्हिडिओ कॅसेट असायच्या आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त मॉन्स्टर पिक्चरच्या. ड्रॅक्युला, फ्रँकेनस्टाईन, ममी, लांडगामाणूस, तो पाण्यातला कल्ले असलेला प्राणी, किंग काँग, आणि सगळ्यात लाडका गॉडझिला. मामा त्याला जपानी लोकांसारखं गोजिराच म्हणायचा, योकोहामाला बोट लागली असताना घेतलेली कॅसेट होती ती, लेबलवर जपानी अक्षरं आणि त्याखाली मामाच्या बॉलपेनने मराठीत 'गोजिरा'.

व्हीसीआर पण त्यानेच आणलेला. गणपतीत आरत्या झाल्या, भजन झालं, की पडवीत टीव्ही मांडायचा आणि आख्खी वाडी बसायची. गोजिराची कॅसेट नुसत्या जपानीत, खाली सबटायटल वगैरे काही नाही, मग मामा टीव्हीच्या बाजूला स्टुलावर बसून सगळ्यांचे डायलॉग स्वतः बोलायचा, म्हाताऱ्या प्रोफेसरचा आवाज वेगळा, त्याच्या मुलीचा वेगळा, कोळ्यांचा तर अगदी आमच्या बंदरातल्यासारखा. आम्ही पोरं तो पिक्चर मराठीच समजत होतो.

मोठा झाल्यावर सबटायटलवाली कॉपी पहिल्यांदा बघितली तेव्हा कळलं की मामाने गोष्ट जवळजवळ सगळी बरोबर सांगितली होती, फक्त शेवट सोडून. पिक्चरमध्ये गोजिराला मारायला उतरलेला शास्त्रज्ञ डॉक्टर सेरिझावा समुद्राच्या तळाशी स्वतःच्या हवेची नळी कापतो आणि गोजिराबरोबरच संपतो. मामाने आम्हाला सांगितलं होतं की तो दुसऱ्या बाजूने पोहत किनाऱ्याला लागला. मी एकटाच होतो खोलीत, कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो.

मामाला जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात मामीने ट्रंक माझ्याकडे दिली, 'तुलाच वेड होतं, तूच ने' म्हणाली. ४३ कॅसेट आहेत. उघडून बघितलं तर बऱ्याच कॅसेटच्या काचेतून आत टेपच्या कडेला पांढरे ठिपके, काहींवर जाळीसारखं. आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला माहितीच आहे, भिंतीला हात लावला तरी ओला होतो.

तर या वाचवता येतात का? व्हीसीआर आहे पण चालू करून बघितलेला नाही. आणि दुसरं, इथे आपल्या कोकणात अजून कोणी हे जुने मॉन्स्टर पिक्चर जमवणारे आहेत का? मला आजवर एकही भेटलेला नाही.

टेपवाला रत्नागिरी:

पहिलं काम, एकही कॅसेट प्लेअरमध्ये घालू नकोस. ते पांढरं जे दिसतंय ते फंगस आहे, प्लेअरच्या हेडवर आणि रोलरवर एकदा बसलं की पुढे लावशील त्या प्रत्येक चांगल्या कॅसेटला लागतं, शिवाय टेपचे थर एकमेकांना चिकटलेले असले तर ती तिथल्या तिथे तुटते. मी स्वतः अशा दोन घालवल्यात, म्हणून कळकळीने सांगतोय.

दुसरं म्हणजे आत्ता पावसाळ्यात साफ करायला बसू नकोस. दिवाळी होऊन जाऊ दे, हवा कोरडी पडली की मग बघ. तोपर्यंत बुरशीवाल्या वेगळ्या काढ, चांगल्या वेगळ्या, आणि दोन्ही घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेव. निळे दाणे मिळतात ते घे, ओल शोषली की गुलाबी होतात, मंद आचेवर गरम केले की परत निळे. पण स्वयंपाकाचं भांडं त्याला वापरू नकोस हं, ते दाणे विषारी असतात, जुना पत्र्याचा डबा ठेव वेगळा. कॅसेट आडव्या रचू नकोस, पुस्तकासारख्या उभ्या ठेव.

साफ करताना घराबाहेर बस आणि मास्क लाव, ती धूळ छातीत जाते. कॅसेटला खालून पाच स्क्रू असतात, ते काढले की वरचं कवच सुटतं, आतली टेप कशी फिरते त्याचा आधी मोबाईलवर फोटो काढून ठेव नाहीतर परत लावताना डोकं फिरतं. मग हाताने एका रिळावरून दुसऱ्या रिळावर हळूहळू घेत सुक्या मऊ कापडाच्या चिमटीतून पूर्ण टेप जाऊ द्यायची, कापड काळंपांढरं झालं की बदलायचं. एका कॅसेटला माझे दीड-दोन तास जातात. झालं की तीच रिळं दुसऱ्या स्वच्छ कवचात बसव. आणि मग चालवायची ती एकदाच, त्याच वेळी कॉम्प्युटरवर कॅप्चर करत. उगाच 'चालते का बघू' म्हणून लावायची नाही.

आता जपानी कॅसेटचं. टीव्हीचं चित्र रेकॉर्ड करायच्या पद्धती देशादेशाच्या वेगळ्या, जपान आणि अमेरिकेच्या कॅसेट एनटीएससी असतात, ५२५ रेषांच्या, आपल्याकडे आणि सिंगापूरला पाल, ६२५ रेषा. साध्या पाल मशिनवर तुझा गोजिरा नीट दिसणारच नाही. पण तुमच्या पडवीत तो दिसत होता म्हणजे मामाने मल्टीसिस्टीम, दोन्ही पद्धती चालणारा, व्हीसीआर आणि तसाच टीव्ही आणलेला असणार. ते मशीन सोन्यासारखं जप, असं आता सहजासहजी मिळत नाही. चालू करण्याआधी कोणाकडून तरी आतून साफ करून घे, इतक्या वर्षांत रबरी पट्टे गेलेले असतील.

आणि पुढेमागे डिस्क मागवणार असशील तर रीजन बघून घे, म्हणजे ती डिस्क कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालते ते. डीव्हीडीत आपला रीजन ५, जपान २, अमेरिका १. ब्लूरेत जपान अमेरिका दोन्ही ए, आपण सी. हे न बघता पैसे घालवलेले लोक मला माहितीयेत.

सड्यावरची:

तुम्ही लिहिलेलं मामांचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. मी राजापूरकडची, सड्यावर घर आहे, आणि हो, मी जमवते. माझ्याकडे कॅसेट नाहीत पण डीव्हीडी आहेत, अमेरिकेच्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या मॉन्स्टर पिक्चरच्या जवळजवळ सगळ्या, इंग्लंडच्या हॅमर कंपनीच्या थोड्या.

माझा जीव फ्रँकेनस्टाईनमध्ये. १९३१ चा, बोरिस कार्लोफचा. सुरुवातीच्या नावांमध्ये राक्षसाचं काम कोणी केलं तिथे नावच नाहीये, फक्त प्रश्नचिन्ह आहे. जॅक पिअर्स म्हणून मेकअपवाला होता, तो रोज तासन् तास बसून तो चेहरा उभा करायचा, आणि कार्लोफने स्वतःची बसवलेली दाढ काढून ठेवली होती म्हणजे गाल एका बाजूला आत जाईल. एवढं सगळं तोंडावर थापलेलं असूनही त्या माणसाचे डोळे बोलतात हो. वरून उजेड येतो तेव्हा तो हात वर करून उजेड धरायला बघतो, तो सीन मी किती वेळा बघितला असेल.

तळ्याकाठच्या मुलीचा सीन आठवतो का? ती त्याला फुलं देते, दोघं मिळून पाण्यात टाकतात, फुलं तरंगतात, फुलं संपतात, मग त्याला वाटतं मुलगी पण तरंगेल. तो सीन त्या काळी कापला होता, तो हात पुढे करतो इथेच तोडायचे आणि नंतर एकदम बाप मेलेल्या पोरीला हातात घेऊन गावातून चालताना दिसायचा. म्हणजे लोकांना त्याहून भयंकर काहीतरी वाटायचं! पूर्ण सीन परत जोडला गेला तो पन्नासेक वर्षांनी, ऐंशीच्या दशकात. माझ्या डीव्हीडीत पूर्ण आहे. मी आईला दाखवला, आई भुताखेताचे सिनेमे कधी बघत नाही, पण हा बघितला आणि म्हणाली, 'अगो, बिचाऱ्याला कोणी काही शिकवलंच नाही गो.' मला तरी अजून कुठल्या परीक्षणात याहून खरं वाक्य सापडलेलं नाही.

आणि १९३५ चा दुसरा भाग, 'ब्राइड ऑफ फ्रँकेनस्टाईन', पहिल्यापेक्षा चांगला आहे असं माझं स्पष्ट मत आहे, कोणी वाद घालायचा तर घाला. जंगलातला आंधळा म्हातारा त्याला घरात घेतो, पाव देतो, व्हायोलिन ऐकवतो, 'मित्र' हा शब्द शिकवतो. नवरीचं काम एल्सा लँचेस्टरचं, आणि सुरुवातीला मूळ कादंबरीची लेखिका मेरी शेली म्हणून येते ती पण तीच. नवरी पडद्यावर फार तर काही मिनिटं आहे पण ते पांढरे पट्टे असलेले उभे केस जगाला माहिती आहेत.

प्रवासी:

प्रामाणिकपणे विचारतो, राग मानू नका. हे सगळे पिक्चर आता कुठे ना कुठे ऑनलाईन मिळतात, तेही स्वच्छ. बुरशीच्या कॅसेटवर दोन-दोन तास घालवायचे कशाला? ४३ गुणिले दोन म्हणजे किती तास झाले बघा.

धयकालो:

माका ह्यो धागो वाचून लय बरा वाटला. तुझो मामा आमच्या गावचो असतो तर तेका आमी दशावतारात घेतला असता. बाकीचं शुद्ध मराठीत लिहितो, सगळ्यांना कळू दे.

मी कुडाळकडचा, जत्रेला रात्रभर दशावतार बघत वाढलो, त्यातला संकासुर आला की लहानपणी मी आज्याच्या घोंगडीत शिरायचो. तुमच्या रत्नागिरीकडे शिमग्यात संकासुर येतो ना, काळा वेष, मुखवटा, कमरेला घुंगरं, तीच भीती. आत आपल्याच वाडीतला कोणीतरी आहे हे माहीत असतं तरी भीती वाटते. माझ्या मते गोजिरा आपल्याला म्हणूनच इतका जवळचा वाटतो, कारण आत माणूस आहे. हारुओ नाकाजिमा त्याचं नाव. १९५४ चा तो सूट शंभर किलोच्या आसपास होता, वर स्टुडिओचे दिवे, आत श्वास कोंडायचा, काही मिनिटांच्या वर उभं राहता यायचं नाही. चाल कशी असावी म्हणून तो प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती आणि अस्वलं बघत बसायचा. १९५४ ते १९७२, बारा पिक्चर त्याने त्या सूटमध्ये केले. आमच्याकडे राजा-राक्षस करणारे लोक रात्रभर जड वेष घालून उभे असतात आणि सकाळी परत शेतात, त्यामुळे मला ती मेहनत आतून कळते.

आणि अजून एक. पिक्चरमध्ये ओडो बेटावरचे कोळी असतात, समुद्रात मासे मिळेनासे झाले की म्हातारा म्हणतो हे गोजिराचं काम, पूर्वी त्याला मुलगी अर्पण करायचे, आता नुसता नाच उरलाय. मग रात्री मुखवटे घालून नाच होतो, ढोल वाजतो. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा अंगावर काटा आला, म्हटलं हे तर आमचंच, देवचाराला गाऱ्हाणं घालतात तेच. सुरुवातीला बोट जळते आणि बायका-माणसं कंपनीच्या ऑफिसात नावं विचारायला गर्दी करतात, ते तर बंदरावरच्या माणसाला समजावून सांगायलाच नको. ते हवेतून आलेलं नव्हतं. त्याच वर्षी मार्चमध्ये पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटाजवळ अमेरिकेच्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली होती, तेवीस खलाशी भाजले, एक जण सप्टेंबरमध्ये गेला आणि नोव्हेंबरात पिक्चर लागला. मामा बोटीवरचा होता, योकोहामाला जायचा, त्याला हे माहीत असणार. म्हणून त्याने कोळ्यांचे आवाज तसे काढले असतील.

मुरुडकर:

आमच्याकडचं पण एक सांगून ठेवतो. भुताखेताचे हिंदी पिक्चर काढणाऱ्या रामसे बंधूंनी आमच्या मुरुडला नवाबाच्या राजवाड्यात शूटिंग केलंय, गावातले जुने लोक अजून सांगतात. त्यांचा १९८४ चा 'पुराना मंदिर' मी व्हिडिओ कॅसेटवरच बघितला, त्यातला राक्षस सामरी झालेले अजय अगरवाल त्या उंचीचे समोर आले तर आजही मी पळेन. रामसेंचे पिक्चर पण या जमवण्यात धरा, ते पण आता जुनेच झालेत. मामांच्या ट्रंकेत आहेत का बघ एखादा.

कौलारू:

प्रवासी, तुमचा प्रश्न बरोबर आहे, पण उत्तर द्यावंसं वाटतं.

मी केळशीचा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या घराची अर्धी कौलं गेली. माळ्यावर माझा खोका होता, शंभरेक डीव्हीडी, काही मासिकं, पोस्टर. मासिकांचा लगदा झाला, पोस्टर गेली, डीव्हीडीची कव्हरं एकमेकांना चिकटून एक विटेसारखा गठ्ठा झाला. गावात कितीतरी दिवस लाईट नव्हती. नारळी-पोफळीच्या बागा झोपलेल्या असताना मी डीव्हीडीसाठी रडलो हे कोणाला सांगितलं नव्हतं, इथे पहिल्यांदा लिहितोय. नंतर एकेक डिस्क साध्या पाण्यात धुतली, मधून बाहेर असं सरळ पुसलं, गोल नाही, आणि दोरीवर फडकी घालतात तशा ओळीत सुकवल्या. बऱ्याच वाचल्या. खारी हवा आणि ओल यात आपल्याकडे काहीच टिकत नाही, त्यामुळे टिकवणं हे मुद्दाम करावं लागतं हे मला तेव्हा कळलं.

आता ऑनलाईनचं बघा. १९२२ चा नोस्फेराटू घ्या, 'ड्रॅक्युला' लिहिणाऱ्या ब्रॅम स्टोकरच्या बायकोने केस केली, परवानगी न घेता ती कादंबरी वापरली म्हणून, आणि कोर्टाने सगळ्या कॉप्या नष्ट करा असा हुकूम दिला. आज तुम्ही तो एका क्लिकवर बघता तो कोणीतरी कुठेतरी कॉपी ठेवून दिली म्हणून. १९२७ चा लंडन आफ्टर मिडनाईट, लॉन चेनीचा, त्याची शेवटची माहीत असलेली कॉपी १९६५ मध्ये स्टुडिओच्या गोदामाच्या आगीत गेली, तो आता जगात कोणीच बघू शकत नाही, फक्त फोटो आहेत. १९३१ मध्ये दिवसा बेला लुगोसीचा ड्रॅक्युला शूट व्हायचा आणि रात्री त्याच सेटवर दुसरे कलाकार घेऊन स्पॅनिश ड्रॅक्युला, त्याचं गायब झालेलं रीळ शेवटी क्युबात हवानाला सापडलं. हॅमरचा १९५८ चा ड्रॅक्युला, ख्रिस्तोफर ली आणि पीटर कुशिंग, त्याच्या शेवटातला सेन्सॉरने कापलेला भाग टोकियोच्या संग्रहात आगीतून वाचलेल्या रिळांमध्ये मिळाला. आपल्या पुण्यातही २००३ मध्ये जुन्या, पटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्म आगीत गेल्याच की, भारतातले किती जुने सिनेमे त्यात संपले.

ऑनलाईन जे आहे ते आज आहे, उद्या हक्क संपले की काढून टाकतात, आणि कुठली आवृत्ती लावलीये ते पण आपल्या हातात नसतं. सड्यावरची ताई म्हणतायत तो तळ्याचा सीन कापलेली कॉपी समोर आली तर तुम्हाला कळणार पण नाही काय गेलंय ते. जमवणारा माणूस हे सगळं लक्षात ठेवतो.

तरी बंदरवाडी, एक स्पष्ट सांगतो, ४३ च्या ४३ वाचवायच्या मागे लागू नकोस, दमशील आणि मधेच सोडशील. युनिव्हर्सलचे तीसच्या तीस पिक्चर २०१८ पासून ब्लूरेच्या एका खोक्यात मिळतात, जुने गोजिरा १९५४ ते १९७५ चे पंधरा २०१९ मध्ये एका सेटमध्ये आलेत. ज्या कॅसेटवर नुसता पिक्चर आहे त्या ठेव पण घाई नको. मामाच्या हाताने ज्यावर लिहिलंय, टीव्हीवरून रेकॉर्ड केलंय, त्या आधी घे. ते दुसरीकडे कुठे नाही.

प्रवासी:

पटलं. नोस्फेराटूचं मला माहीत नव्हतं. आज रात्री बघतो.

बंदरवाडी:

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवस परत परत वाचतोय.

काल ट्रंक पूर्ण रिकामी केली. टेपवाला दादांनी सांगितलं तसं वेगळं केलं, १७ स्वच्छ, २६ बुरशीवाल्या. रामसेंची एक निघाली मुरुडकर! गोजिरा दुर्दैवाने बुरशीवाल्यातच आहे, पण ठिपके एकाच बाजूला आहेत. सहा कॅसेटवर कंपनीचं लेबल नाही, नुसतं मामाचं अक्षर, त्यातल्या एकीवर 'गणपती, पडवी' एवढंच लिहिलंय. मामीला फोन केला, ती म्हणाली एका वर्षी कोणीतरी मुंबईहून कॅमेरा आणलेला, आरतीचं शूटिंग केलं होतं, आणि नंतर पिक्चर लावला तेव्हा पण कॅमेरा चालूच होता असं तिला आठवतंय. त्यात मामाचा आवाज असेल का हे मला माहीत नाही. ती कॅसेट स्वच्छ सतरामध्ये आहे. तरी हात लावलेला नाही, डब्यात घालून ठेवलीये, वर जेलची पुडी.

दिवाळीनंतर तीच पहिली करणार. मामी चार दिवस राहायला येईल म्हणाली. टेपवाला दादा, रत्नागिरीत व्हीसीआरचे पट्टे बदलून देणारा कोणी अजून आहे का, की मशीन घेऊन मुंबईलाच जायला लागेल?

टेपवाला रत्नागिरी:

मुंबईला नको नेऊस, एसटीत आदळून हेड हलतं. माझ्याकडे घेऊन ये, पट्टे माझ्याकडे आहेत. येताना ती 'गणपती, पडवी' पण आण, कॅप्चर इथेच करू. ऊन पडलेला दिवस बघून ये फक्त.